वाचनाचा नेम

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी आठवड्यापूर्वी निरोप पाठवला, "वर्धापनदिनाला तुम्ही बोलायचे. विषय, नव्या वर्षाचा वाचनसंकल्प." मी हो म्हटले आणि चहा गाळता गाळता पस्तावले. या विषयावर बोलावे ते संकल्प पुरा करणारीने. माझा संकल्प कसा आपटला हे या सभागृहातल्या निम्म्या जणींना ठाऊक आहे, आणि ज्यांना ठाऊक नाही त्यांना शेजारणीने आत्ताच कानात सांगितले असेल. तेव्हा भाषण बाजूला ठेवते आणि घडले तसे सांगते.

२०२५ च्या १ जानेवारीची गोष्ट. माझी डोंबिवलीची भाची आली होती. तिने मोबाइल पुढे धरला आणि म्हणाली, "मावशी, मी यंदा बावन्न पुस्तके वाचणार. आठवड्याला एक." तिच्या मोबाइलवर गुडरीड्स म्हणून काही आहे. तिथे जगभरचे लोक वर्षाच्या आरंभी आपापला आकडा जाहीर करतात, आणि एकेक पुस्तक संपले की तिथली पट्टी पुढे सरकते. २०११ पासून लोक हे करीत आहेत म्हणे. मला ते फार आवडले. मी पोरीपुढे हटायची नाही म्हणून म्हटले, "मीही बावन्न." एवढ्यावर थांबले असते तर बरे होते. पण तिळगुळाच्या बैठकीत आपल्या मंडळासमोरही मी ते बोलून बसले. टाळ्या पडल्या. अध्यक्षबाईंनी वहीत लिहून घेतले. ती वही आजही समोर आहे, मला इथून दिसते आहे.

जानेवारीत चार पुस्तके झाली. फेब्रुवारीत घरात लग्न निघाले आणि मी मागे पडले. मग काय करावे? वाचनालयात गेले की मी पुस्तकाचे नाव पाहीनाशी झाले. कडेची जाडी पाहू लागले. शंभर पानांच्या आतले असेल ते उचलायचे. एकदा तर बालविभागातली बत्तीस पानांची दोन पुस्तके घेतली. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "नातवासाठी का?" मी मान हलवली. माझ्या घरात नातू नाही! वर्णने आली की पाने उलटायची, संवाद तेवढे वाचायचे. असे करीत मार्चअखेर अकरा पुस्तके झाली.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला शेजारच्या बाईंकडे गेले होते. कैरीची डाळ, पन्हे, सगळे रीतसर. त्यांनी कौतुकाने विचारले, "अकरा वाचलीत ना? त्यातले एखादे सांगा, मी पण आणीन." मी एक नाव सांगितले. "काय आहे त्यात?" मैत्रिणींनो, मला आठवेना. नायिका विधवा होती की परित्यक्ता, हेही आठवेना. पंधरा दिवसांपूर्वी वाचलेले पुस्तक! मी म्हटले, "तुम्ही वाचाच, सांगण्यात मजा नाही." त्या बिचाऱ्या खरेच ते घेऊन आल्या आणि पुढच्या भेटीत त्यांनीच मला कथानक सांगितले. परित्यक्ता होती.

त्या दिवशी घरी येताना मी मनाशी विचार केला, आपल्या आज्या-पणज्या वाचनाचा संकल्प करीत नव्हत्या का? करीत होत्या, दरवर्षी करीत होत्या. आषाढी एकादशी आली की चातुर्मासाचे नेम सुरू व्हायचे. कुणी मीठ सोडायची, कुणी मौनाने जेवायची, आणि जिला अक्षरओळख असे ती पोथीचा नेम धरायची. श्रीधरस्वामींचा हरिविजय छत्तीस अध्यायांचा, रामविजय चाळीस, पांडवप्रताप चौसष्ट, शिवलीलामृत चौदा. महिपतींचा भक्तिविजय सत्तावन्न. चार महिन्यांचे दिवस साधारण एकशेवीस. म्हणजे रोज एक अध्याय वाचला तर पांडवप्रताप होऊन वर हरिविजयही होतो. हा हिशेब बायकांना तोंडपाठ असे. पण चातुर्मास संपल्यावर "यंदा माझ्या किती पोथ्या झाल्या" असे कुणी विचारल्याचे मी ऐकले नाही. "नेम मोडला नाही ना?" एवढेच विचारायचे. आणि एक वाचायची, दहा जणी ऐकायच्या. कुणाच्या हातात वाती असत, कुणी तांदूळ निवडी. ऐकणारीचाही तो नेमच धरला जाई. तिला कुणी अडाणी म्हणून वगळले नाही.

ज्ञानेश्वरीचे पाहा. सुमारे नऊ हजार ओव्या आहेत. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० चा ग्रंथ. सात दिवसांत पारायण करणारे आहेत, त्यांना माझा नमस्कार. पण रोज पंचवीस ओव्या वाचल्या तरी बरोबर एका वर्षात ग्रंथ पुरा होतो. पंचवीस ओव्यांना किती वेळ लागतो? कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत मी वाचून पाहिल्या आहेत. समजून घ्यायच्या तर डाळही शिजू द्यावी लागते.

हे सगळे मला सुचले खरे, पण सुचले म्हणून मी सुधारले असे नाही. बावन्नचे भूत मानेवर होतेच. ते उतरवले माझ्या सासूबाईंनी.

सासूबाई आज ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. माहेर खालापूर तालुक्यातले, डोंगराच्या कुशीतले एक लहान गाव. शाळेत कधी गेल्या नाहीत. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन आमच्या घरी आल्या, तो काळ १९६२ चा. त्या सुमारास महाराष्ट्रात ग्रामशिक्षण मोहीम चालू होती. तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. १९५९ साली साताऱ्यात ती सुरू झाली आणि पुढे राज्यभर पसरली. गावेच्या गावे साक्षर करायची आणि मग गावाने मिळून शपथ घ्यायची, असा तो प्रकार. आपला जिल्हा तेव्हा कुलाबा. रायगड हे नाव १९८१ साली मिळाले. तर आमच्या गावच्या वर्गात रात्रीची भांडी आटोपून सासूबाई जाऊन बसत. कंदिलाच्या उजेडात अक्षरे गिरवली. चार महिन्यांत वाचू लागल्या. पुढे आयुष्यभर त्यांचा नेम एकच, दर सोमवारी शिवलीलामृताचा अकरावा अध्याय. बाकी वाचन म्हणजे किराण्याच्या पुडीचा कागद आणि एसटीवरची पाटी.

गेल्या वर्षी त्यांच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे शस्त्रक्रिया करून झाले, पण दुसऱ्याचा पडदाच खराब झाला होता. डॉक्टर म्हणाले, आता आहे ते जपायचे. चेहरे दिसतात, वाट दिसते, अक्षर दिसत नाही. अकरावा अध्याय त्यांना पाठ आहे, तो त्या पोथी मांडीवर घेऊन म्हणतात. पाने मात्र वेळच्या वेळी उलटतात.

ज्येष्ठात एका संध्याकाळी मी वाचत बसले होते. पुस्तक क्रमांक सोळा. त्या जवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "पोरी, तुझ्या वाचनालयात श्यामची आई मिळते का गं?"

"मिळते की. घरातच आहे, मुलांच्या कपाटात."

"मला वाचून दाखवशील?"

आता मी खरे सांगते. मला आनंद झाला नाही. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की, हे पुस्तक आपण सातवीत वाचले आहे, तेव्हा ते बावन्नात धरता येणार नाही. त्यात बेचाळीस रात्री आहेत. बेचाळीस संध्याकाळी जाणार आणि आकडा एकानेही वाढणार नाही. मी म्हटले, "वाचू हं, उद्यापासून." तो उद्या तीन दिवस आला नाही. चौथ्या दिवशी त्यांनी विचारले नाही. त्याचे मला जास्त लागले.

मी पुस्तक काढले. म्हटले, "आई, कुठून वाचू? गोष्ट तुम्हाला ठाऊकच असेल." त्यावर त्यांनी जे सांगितले ते माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नव्हते.

साक्षरतेच्या वर्गाचे गुरुजी वर्ग संपल्यावर ज्या बाया चांगल्या वाचू लागल्या त्यांना आपल्या जवळची पुस्तके देत. सासूबाईंना त्यांनी श्यामची आई दिले. घरात सासू, दोन जावा, नणंदा. उघड वाचायला बसायची सोय नव्हती, कुणी मारले-झोडले असते असे नाही, पण "काम नाही का?" हे एवढे बोलणे पुरेसे असते. म्हणून पुस्तक कापडात गुंडाळून भाताच्या कणगीत ठेवले होते. कणगीतून भात काढायला यांचीच पाळी असे. भात काढायला गेले की दोन पाने वाचायची. जावा म्हणायच्या, हिला पायली भात काढायला एवढा वेळ कसा लागतो! असे करीत निम्म्या रात्री झाल्या. मग आषाढ लागला, लावणी आली. लावणीत कणगीकडे कोण जाते? पहाटेपासून चिखलात. आणि लावणी संपायच्या आतच गुरुजींची बदली झाली, त्यांनी मुलाला पाठवून आपली पुस्तके परत मागवली. कणगीतले पुस्तक निघाले, पानांतला कोंडा झाडला आणि परत गेले.

"पुढचे राहिलेच," त्या म्हणाल्या.

साठाहून अधिक वर्षे झाली. या काळात घरात ते पुस्तक आले, मुलांनी वाचले, माझ्या मुलीने तर भाषणात त्यावर बक्षीस मिळवले. मी विचारले, "मग कधी काढून वाचले नाही?" त्या म्हणाल्या, "आधी वेळ नव्हता. मग वाटले, आता कशाला. आणि मग डोळे गेले."

मैत्रिणींनो, ते पुस्तक साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले हे आपण शाळेत शिकतो. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात कधी आली नव्हती. ते मुळी मोठ्याने सांगायच्या घाटानेच लिहिलेले आहे. रोज रात्री आश्रमातली माणसे जमतात आणि श्याम एक आठवण सांगतो. एका रात्री एकच. ऐकणारे उठतात, झोपतात, दुसऱ्या दिवशी परत येतात. मी ते सातवीत दोन दिवसांत वाचून संपवले होते आणि उगाच रडले होते. आता रोज एक रात्र वाचू लागले तेव्हा पुस्तक निराळेच निघाले. मोठ्याने वाचताना वर्णन गाळता येत नाही. समोरचे माणूस लगेच म्हणते, "मध्ये काही सुटले का गं?" कोकणातली ती शेते, तो ओढा, त्या घरातली कर्जाची काळजी, हे ऐकताना सासूबाई मधेच थांबवायच्या आणि आपले काही सांगायच्या. आमच्या घरावरच्या एका जुन्या कर्जाची हकीगत मला अशीच कळली. बारा रात्री होईतो मी या घरात तीस वर्षांत ऐकले नव्हते तेवढे ऐकले.

मुद्दाम सांगते, रोज वाचन झाले नाही. पाऊस आपल्याकडचा तुम्हाला माहीत आहे. वीज जाते ती जातेच. एकदा मेणबत्ती लावून वाचले तर त्याच म्हणाल्या, "नको, तुझे डोळे जातील. एकीचे गेले तेवढे पुरे." पाहुणे आले, मला ताप आला, त्यांचे गुडघे धरले. बेचाळीस रात्रींना आम्हाला ऐंशीच्या वर दिवस लागले. एके संध्याकाळी मी नवी रात्र सुरू केली, तीनचार वाक्ये वाचली आणि त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "इथवर मी आले होते," म्हणाल्या. मी पुस्तक खाली ठेवू का म्हणून पाहिले. तर म्हणाल्या, "थांबतेस कशाला? वाच पुढे."

गणपती यायच्या दहा दिवस आधी पुस्तक संपले. शेवटी आई जाते हे त्यांना ठाऊक होतेच; ज्यांनी पुस्तक वाचले नाही त्यांनाही ते ठाऊक असते, आचार्य अत्र्यांनी १९५३ साली चित्रपट काढल्यापासून तर सर्वांनाच. मला वाटले आता रडतील. मी पदर सावरून तयारीत होते. त्या थोडा वेळ बसल्या आणि म्हणाल्या, "झाले. आता दुसरे आण. यात बाईमाणूस फार सोसते. हसायचे काही असले तर बघ."

मी लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे आणली. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईने १९३४ पासून भागाभागांनी आपले आयुष्य लिहून छापले, आणि सोसणे तिथेही काही कमी नाही. पण सांगणारी बाई हसत सांगते. लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याच्या हकिगती ऐकताना सासूबाई इतक्या हसल्या की शेजारच्या घरून विचारायला आले. ते वाचन अजून चालू आहे.

आता थोडे विषयाला धरून बोलते, नाहीतर चिटणीसबाई घंटी वाजवतील.

कणगीतले पुस्तक ऐकल्यावर मला वाटले, ही आमच्याच घरची गोष्ट. पण तसे नाही. बंगालमध्ये राससुंदरी देवी म्हणून एक बाई होऊन गेल्या, आपल्यापेक्षा दोनशे वर्षांपूर्वीच्या. मोठे खटले, बारा मुले. वाचायला शिकणाऱ्या बाईला वैधव्य येते असा तेव्हाचा समज. त्यांनी चैतन्य भागवताच्या पोथीचे एक पान काढून घेतले, स्वयंपाकघरात लपवले आणि मुलाने गिरवलेल्या अक्षरांशी ताडून पाहत एकट्याने वाचायला शिकल्या. पुढे आत्मचरित्र लिहिले, त्याचे नाव आमार जीबन. आपल्याकडे रमाबाई रानड्यांना १८७३ साली, अकराव्या वर्षी लग्न होऊन आल्यावर न्यायमूर्तींनी स्वतः शिकवले. नवरा शिकवणारा, तरी घरातल्या बायकांचा रोष काही चुकला नाही, हे त्यांनी १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. म्हणजे स्वयंपाकघर आणि पुस्तक यांचे भांडण जुने आहे. आता कुणी पुस्तक लपवायला लावीत नाही. पण आपणच नाही का लपवत? दुपारी वाचत असताना दारात कुणी आले की आपण पुस्तक उशीखाली सारतो आणि "जरा पाठ टेकली होती" म्हणतो. झोपले होते म्हणायला लाज वाटत नाही, वाचत होते म्हणायला वाटते! हे मी स्वतःवरून सांगते.

वेळ नाही, ही तक्रार मला मान्य आहे. आपल्यातल्या कितीतरी जणी पहाटेच्या लोकलने मुंबईला जातात. कर्जत ते शिवाजी टर्मिनस शंभर किलोमीटर, जायला दोन तासांच्या वर, यायला तेवढेच. त्या चार तासांत भाजी निवडून होते, डुलकी होते, भांडण होते, आणि मी पाहिले आहे, बसायला जागा मिळालेल्या दोघीतिघी वाचतही असतात. त्यांच्यासाठी एक सांगते. याच मार्गावर कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आहे आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून. येता जाता उतरून पुस्तक बदलता येते. घरी राहणाऱ्या आपण, तर आपल्या गावातले वाचनालय आहे. राज्यात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, त्याने खेड्यांतल्या लहान वाचनालयांनाही सरकारी अनुदान मिळू लागले. ती पुस्तके आपलीच आहेत. कपाटाला कुलूप असेल तर किल्ली मागायची. वर माथेरानला करसनदास मुळजींच्या नावाचे वाचनालय आहे. विधवाविवाहावर निबंध लिहिला म्हणून घराबाहेर काढले गेलेले हे गृहस्थ. घोड्यावर बसून फोटो काढायला आपण दहा वेळा माथेरानला गेलो असू. त्या वाचनालयात किती जणी शिरलो? मी एकदाही नाही. ते यंदा करायचे आहे.

माझी विनंती एवढीच की, यंदा आकडा लिहू नका. भिंतीवर तक्ता लावावा आणि जास्त पुस्तके वाचणारीला साडी द्यावी अशी एक सूचना मंडळापुढे आली आहे. सूचना करणारीचा हेतू चांगला आहे, पण माझा विरोध आहे, आणि तो नोंदवून घ्यावा. साडी लागली की आम्ही सगळ्या बालविभागात सापडू. त्यापेक्षा चिठ्ठीवर वेळ लिहा, आणि जागाही. "दिवेलागणीनंतर, ओटीवर." "दुपारी भांडी झाल्यावर, मागच्या दारी." रोजच्या एखाद्या ठरलेल्या कामाला वाचन बांधून ठेवले तर ते आपोआप आठवते, नुसते "वाचीन" म्हटले तर झोपताना आठवते. पंधरा मिनिटे पुरेत. पान वाचायला दोन मिनिटे धरा. सात पाने रोज, वर्षाची अडीच हजार. दोनशे पानांची बारा पुस्तके झाली की! आकडा हवा असलेल्यांनी हा घ्यावा.

दुसरे असे की, प्रत्येकीचे एखादे अर्धे राहिलेले पुस्तक असतेच. कंटाळा येऊन सोडले असेल तर खुशाल सोडा, पन्नास पाने वाचून न आवडलेले पुस्तक पुढे ओढत बसू नये, ते काही व्रत नाही. पण बाळंतपण आले म्हणून, परीक्षा बुडाली म्हणून, लग्न ठरले म्हणून जे सुटले, त्याचे नाव चिठ्ठीवर लिहा. मंडळ ते पुस्तक मिळवून देईल. अध्यक्षबाईंना न विचारता मी हे सांगते आहे, त्यांनी रागावू नये.

आणि नेमाला जोडीदार हवा. आपण रात्री अंथरुणात पडल्या पडल्या ऐकतो ना, पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला कर्जतला मागून इंजिने लावतात तो आवाज? भोर घाट चढायचा म्हणजे पुढचे इंजिन एकटे पुरत नाही. माझे बावन्नचे इंजिन सोळाव्या पुस्तकाला धापा टाकीत होते. आता कंटाळा आला तरी संध्याकाळी एक माणूस ओटीवर येऊन बसलेले असते, त्यामुळे सुटका नाही. जिला डोळ्यांनी दिसत नाही, जिला अक्षर येत नाही, अशी एक आपल्या प्रत्येकीच्या आळीत आहे. आपल्या मंडळातल्या अंगणवाडीच्या बाई ठाकूरवाडीत आणि कातकरवाडीत रोज एक गोष्ट वाचतात. त्यांचा अनुभव असा की, मुलांपेक्षा मुलांना न्यायला आलेल्या आया दारात जास्त वेळ उभ्या राहतात. पुस्तकातली मराठी त्यांना थोडी परकी लागते, म्हणून बाई आधी वाचतात आणि मग त्यांच्याच बोलीत त्यांच्याकडून सांगून घेतात. मला हे कुठल्याही तक्त्यापेक्षा मोठे वाटते.

सुरुवात कधी करायची? १ जानेवारीला नको, त्या दिवशी कर्जतमध्ये पाहुण्यांच्या गाड्यांतून भाजी आणायलाही वाट मिळत नाही. २ जानेवारीला करू. १९४३ साली त्या दिवशी सिद्धगडावर हुतात्मा भाई कोतवाल आणि हिराजी पाटील गोळ्यांना बळी पडले. विजेचे मनोरे पाडणारे कोतवाल आपल्याला माहीत आहेत; पण माथेरानच्या या वकिलाने त्याआधी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी आपल्या खेड्यापाड्यांतून शाळा काढल्या होत्या, हे आपण पोरांना सांगायचे विसरतो.

माझा हिशेब द्यायचा राहिला. बावन्नपैकी एकोणीस झाली. सोळा जूनपर्यंतची आणि तीन त्यानंतरची. स्मृतिचित्रे पुरे झाले नाही म्हणून धरलेले नाही, आणि श्यामची आई दुसऱ्यांदा वाचले म्हणून भाची धरू देत नाही. ती स्वतः सत्तेचाळीसवर आहे, तिचे अभिनंदन. अध्यक्षबाईंनी वहीत बावन्नावर काट मारून एकोणीस लिहावे.

चिठ्ठ्यांची टोपली दाराशी ठेवली आहे, पेन्सिलीही आहेत. जिला लिहिता येत नसेल तिने शेजारणीला सांगावे. मी मात्र चहाला थांबत नाही, त्याबद्दल क्षमा करावी. सासूबाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत, मघापासून खुणा करताहेत. पावणेसहा झाले, आणि आमची ओटीवर बसायची वेळ सहाची आहे.